स्वस्त मोटारीची पत

स्वस्त ह्या शब्दाचें नशीब मोठें विचित्र आहे. स्वस्ताई यावी, असें घरोघर म्हटलें जातें. पण लग्नाच्या मांडवांत व्याह्यांसमोर ठेवलेलें लुगडें स्वस्त आहे, असें कोणी म्हटलें कीं घरच्या माणसांचे चेहरे उतरतात. वस्तु स्वस्त हवी, मात्र ती स्वस्त आहे हें शेजाऱ्याला कळूं नये! मोटारीच्या बाबतींत तर हा संकोच फारच असतो. कारण मोटार दारांत उभी राहते आणि येणारा-जाणारा तिच्याकडे पाहतो. तेव्हां, श्रोतेहो, साधारण मनुष्याची म्हणून बाजारांत आलेल्या मोटारीला लोकांत पत कशी मिळते आणि ती जाते कशी, ह्याचा विचार आज आपण करूं. त्यासाठीं मी मुख्यत्वें एकाच कारखान्याची हकीकत सांगणार आहें. तो कारखाना म्हणजे शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी.

कडेगांवच्या श्रोत्यांना कुर्ल्याच्या कारखान्याची कथा कशाला, असें कोणी विचारील. परंतु ताकारी आणि टेंभू ह्या योजनांचें पाणी शिवारांत येण्यापूर्वीं हा सारा मुलूख पावसाच्या भरंवशावर जगत होता. ज्यांचें शेतावर भागत नसे, त्यांपैकीं कोणी सोन्याचांदीच्या गलाईसाठीं परप्रांतीं जात, तर कोणी गिरणींत नाहीं तर गोदींत काम मिळेल म्हणून मुंबई गांठीत. अशा मनुष्याचा एस. टी. सोडून दुसऱ्या मोटारीशीं पहिला संबंध आला असेल, तर तो बहुधा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळेंच. ती टॅक्सी ह्या कारखान्याची.

वालचंदशेठ मूळचे सोलापूरचे. लक्ष्मणराव फाटक ह्यांच्या भागीदारींत रेल्वेचीं कंत्राटें घेण्यापासून त्यांनीं आरंभ केला, आणि पुढें जहाज, विमान व मोटार ह्या तिन्ही वाहनांचा ध्यास घेतला. मोटारीची मूळ कल्पना मात्र सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या ह्यांची. १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेंतील कारखाने पाहून आल्यावर त्यांनीं मुंबई इलाख्यांत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना आंखली व वालचंदांनीं ती उचलून धरली. परकीय सरकारला अशा उद्योगाची आंच असण्याचें कारणच नव्हतें. १९४४ सालीं कंपनीची नोंदणी झाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचें साहाय्य मिळालें आणि १९४७ सालीं कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्या डॉज, प्लिमथ, डि-सोटो, फार्गो अशा भारदस्त नांवांच्या होत्या. त्यांतल्या मोटारी संस्थानिकांनीं आणि पेढीवाल्यांनीं घ्याव्यात, शाळामास्तरांनीं लांबून पाहाव्यात, अशा होत्या.

लहान मोटार आली ती इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळल्यावर. १९५४ च्या सुमारास 'अकराशें' ही गाडी कुर्ल्यास तयार होऊं लागली. तिचें नाकाड पुढें आलेलें होतें, म्हणून मुंबईकरांनीं तिला 'डुक्कर फियाट' असें नांव दिलें. आपल्या लोकांचा हा स्वभाव आहे. ज्या वस्तूवर जीव जडतो तिला प्रथम नांवें ठेवतात. १९६४ सालीं तिच्या जागीं चौकोनी अंगाची 'अकराशें डी' आली. १९७२ नंतर फियाटशीं असलेला करार संपला, तेव्हां तीच गाडी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचें नांव धारण करून 'पद्मिनी' म्हणून मिरवूं लागली. डुकरापासून पद्मिनीपर्यंत वीस वर्षांत झालेली ही बढती केवळ नांवाची होती. आंतलें यंत्र तें तेंच, म्हणजे १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें.

ही गाडी लहान होती, पण स्वस्त होती काय? ह्याचें उत्तर एका प्रसिद्ध हकीकतींत सांपडतें. १९६४ सालीं लालबहादुर शास्त्री पंतप्रधान झाले, त्या वेळीं त्यांच्या घरीं स्वतःची मोटार नव्हती. मुलांच्या आग्रहावरून चौकशी केली, तों फियाटची किंमत १२,००० रुपये निघाली. शास्त्रीजींच्या खात्यांत ७,००० रुपये होते. उरलेल्या ५,००० रुपयांचें कर्ज त्यांनीं पंजाब नॅशनल बँकेकडून काढलें. १९६६ च्या जानेवारींत ताश्कंद येथें त्यांचा अंत झाला, आणि तें कर्ज ललितादेवींनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून फेडलें. ही गोष्ट आपण शास्त्रीजींच्या सचोटीचें उदाहरण म्हणून सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तींत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ज्या देशाच्या पंतप्रधानाला 'लहान' मोटारीसाठीं कर्ज काढावें लागतें, त्या देशांत ती मोटार गरिबाची कशी म्हणावी?

शिवाय पैसे असले तरी गाडी मिळेच असें नाहीं. वर्षाला किती मोटारी करावयाच्या, हें कारखानदारानें ठरवावयाचें नसून सरकारी परवान्यानें ठरत असे. परदेशी गाड्यांना बंदी होती, देशी कारखाने दोन-तीनच होते, आणि नांव नोंदविल्यावर गिऱ्हाईकाला वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. अशा स्थितींत वस्तु सुधारण्याची तळमळ कोणाला वाटावी? नवी गाडी आणली कीं प्रथम मिस्त्रीकडे नेऊन सगळे बोल्ट आवळून घ्यावे, ही त्या काळच्या देशी मोटारींविषयींची नेहमीची थट्टा होती. थट्टा खरी, पण ती करणाराच रांगेंत उभा असे.

मग पत आली कोठून? माझ्या मतें ती कारखान्यानें मिळविली नाहीं. ती टॅक्सीवाल्यांनीं मिळवून दिली. मोटारीचा मालक तिला रविवारीं धुतो, सणावारीं हार घालतो आणि चार पाहुण्यांसमोर तिची स्तुति करतो. त्याच्या मताला फारसें वजन देऊं नये. ज्याची चूल त्या चार चाकांवर पेटते, त्याचें मत निराळें असतें. सकाळपासून रात्रीपर्यंत, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत, दर पन्नास पावलांवर गिअर बदलीत जो गाडी हांकतो, त्याला जाहिरात फसवूं शकत नाहीं.

ह्या माणसांनीं पद्मिनीचे दोष लपविले नाहींत. चाक वळवितांना खांदे भरून येत. पहिल्या जोरदार सरीला डिस्ट्रिब्यूटरमध्यें ओल गेली कीं गाडी भर रस्त्यांत रुसून बसे. परंतु ह्या रुसव्यावर उपाय ठाऊक होता. बोनेट उघडावें, कोरड्या फडक्यानें पुसावें, पॉइंट घासावा, प्लग काढून पाहावा आणि चोक ओढून पुन्हां चालू करावी. एवढ्यावर बहुतेक वेळां ती वश होई. पान्यांची एक पिशवी डिकींत असली म्हणजे पुरे. इंजिनाच्या आजूबाजूला हात घालावयास जागा होती. कोणता भाग कशासाठीं आहे, तें डोळ्यांना दिसत होतें. एकाच घडणीच्या गाड्या वर्षानुवर्षें निघत राहिल्यामुळें जुन्या गाडीचा सुटा भाग नव्या गाडीला चाले आणि कुर्ल्याच्या जुन्या बाजारांत तो थोडक्यांत मिळे. म्हणजे परवानापद्धतीनें कारखान्याला जो आळस लावला, तोच आळस टॅक्सीवाल्याच्या पथ्यावर पडला! अर्थशास्त्रज्ञांना हें विधान रुचणार नाहीं, पण गॅरेजमधील मिस्त्रीला तें पटेल.

तिचीं आणखी कांहीं वैशिष्ट्यें ह्या धंद्याला जणूं मापून बेतलेलीं होतीं. गिअरचा दांडा चाकाच्या खांबालाच बसविलेला असल्यामुळें पुढची बैठक सलग राहिली. अडीअडचणीला एक माणूस अधिक बसे. छपरावर कॅरिअर लावला कीं गांवाहून आलेल्या कुटुंबाची वळकटी, ट्रंक आणि तांदळाचें पोतें सुखानें चढे. डाव्या बाजूस बोनेटजवळ यांत्रिक मीटर बाहेरच बसविलेला असे. तो खालीं पाडतांच टिंग असा आवाज होई, आणि मीटरवर दिसणारा आंकडा व प्रत्यक्ष द्यावयाचें भाडें ह्यांचा मेळ चालकाजवळच्या दरपत्रकावरून घालावा लागे. नवख्या माणसाला तें दरपत्रक मोठें संशयास्पद वाटे. मुंबईची टॅक्सी मीटरप्रमाणें चालते, हा जो तिचा देशभर लौकिक झाला, त्याचें श्रेय पद्मिनीला नव्हे, तर तिच्या चालकांना आहे. पण लोकांच्या मनांत गाडी आणि चालक एकच झालीं. कारखान्याला एवढी मोठी पुण्याई आयती लाभली.

ती कंपनीला पुढें सांभाळतां आली नाहीं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची ८०० बाहेर पडली. हलकी, थोडक्या पेट्रोलवर चालणारी, पहिल्याच वेळीं चालू होणारी ती जपानी घडणीची गाडी पाहिल्यावर मध्यमवर्गीय गिऱ्हाईकानें पद्मिनीकडे पाठ फिरविली. प्रीमियरनें १९८५ सालीं '११८ एन. ई.' नांवाची मोठी गाडी काढून पाहिली. १९९४ सालीं फ्रान्सच्या प्युजो कंपनीशीं भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यांत नव्या मोटारी बांधावयास घेतल्या. तींही मजूर-मालक तंट्यांत व पैशाच्या तंगींत थोड्याच वर्षांत बुडाली. त्या काळचे कंपनीचे प्रमुख विनोद दोशी हे रसिक गृहस्थ. मराठी प्रायोगिक रंगभूमीला त्यांचा मोठा आधार होता. नाटकांची त्यांची पारख अचूक होती. पण परवान्याचा पडदा वर गेल्यावर समोर जो प्रेक्षक बसला, तो जुन्या नाटकाचें तिकीट काढावयास तयार नव्हता. २००० च्या सुमारास पद्मिनीचें उत्पादन थांबलें. कारखाना थांबल्यावरही गाडी वीस वर्षांहून अधिक काळ धांवत राहिली. मालक, विक्रेता, जाहिरात ह्यांपैकीं कोणीही मागें उभें नसतां केवळ मिस्त्री आणि चालक ह्यांच्या जोरावर!

ह्याच्या अगदीं उलट उदाहरण पुण्याजवळ घडलें. टाटांच्या 'नॅनो'ची आंखणी तेथील अभियंत्यांनीं केली आणि १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत ती लोकांसमोर आली. एका स्कूटरवर भिजत चाललेलें कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, असें ते सांगत. कारखान्यांतील किंमत एक लाख रुपये. ६२४ घनसेंटिमीटरचें दोन सिलिंडरांचें इंजिन मागच्या बाजूस, कांचेवर एकच वायपर, चाकाला तीनच नट. काटकसर एवढी कीं कोणाही संसारी बाईनें कौतुक करावें. परंतु सिंगूरच्या जमिनीच्या तंट्यामुळें कारखाना साणंदला हलवावा लागला, आरंभीं कांहीं गाड्यांनीं पेट घेतला, आणि 'जगांतील सर्वांत स्वस्त मोटार' हें बिरुद तिच्या कपाळीं कायमचें बसलें. ज्या स्कूटरवाल्यासाठीं ती केली, तोच म्हणूं लागला कीं, थोडे अधिक पैसे सांठवीन, पण लोक हंसतील अशी गाडी घेणार नाहीं. स्वस्त म्हणून ती विकणें ही चूक झाली, असें खुद्द टाटांनींही पुढें बोलून दाखविलें. २०१८ सालीं ती बंद पडली. यंत्र म्हणून ती वाईट नव्हती. तिच्या वतीनें साक्ष देणारा धंदेवाईक चालकांचा वर्ग मात्र तिला कधीं लाभला नाहीं. आपल्या शेजारच्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी ह्यांनीं तर नॅनोच्या कितीतरी आधीं 'मीरा' नांवाची छोटी मोटार बनविली होती. ती बाजारापर्यंतही पोहोंचली नाहीं.

मुंबईंत वीस वर्षांहून जुनी टॅक्सी चालवितां येत नाहीं. शेवटची पद्मिनी ताडदेवच्या कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती. त्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली. तिच्या जागीं आलेल्या गाड्या निःसंशय अधिक सुखाच्या आहेत. धूर कमी, गारवा आहे, पावसाची भीति नाहीं. मात्र त्यांचें बोनेट उघडलें तर झांकणावर झांकण दिसतें, आणि बिघाड कोठें आहे हें संगणक जोडल्यावांचून पुष्कळदां कळत नाहीं. आडगांवच्या मिस्त्रीची विद्या तेथें निम्म्याहून अधिक निरुपयोगी होते.

ती विद्या अद्याप मेलेली नाहीं, ह्याचें प्रमाण आपल्याच तालुक्यांत मिळालें. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मामुळें प्रसिद्ध असलेल्या देवराष्ट्रें गांवच्या एका कारागिरानें भंगारांतले भाग आणि दुचाकीचे सुटे भाग जुळवून सुमारें साठ हजार रुपयांत एक छोटी चारचाकी जीप उभी केली. दुचाकीप्रमाणें लाथ मारून ती चालू होई. २०२१ च्या डिसेंबरांत तिचें चलच्चित्र सर्वत्र पसरलें. तें आनंद महिंद्र ह्यांच्या पाहण्यांत आलें. ही गाडी नियमांत बसत नाहीं आणि आज ना उद्यां ती रस्त्यावरून हटवावी लागेल, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पण तिच्या मोबदल्यांत आपल्या कारखान्याची बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती अदलाबदल झाली. ज्या घराण्यानें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत परदेशी जीपचे भाग जोडण्यापासून मोटारधंद्याला आरंभ केला, त्याच घराण्यानें एका खेड्यांतील हातानें जोडलेली जीप आपल्या संशोधनकेंद्रांत मांडण्यासाठीं मागून घेतली, आणि कारखान्याची बोलेरो देवराष्ट्र्यास आली.