गणिताची कसोटी आणि माणसांची दारे
(कोपर येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गणितात जातपात नसते, असे आपण नेहमी ऐकतो. ते अर्धे खरे आहे. सिद्धता बरोबर असली तर ती कोणीही तपासावी, बरोबरच राहते. परंतु मार्गदर्शक कोणाला मिळणार, शिफारसपत्र कोण लिहिणार, परिषदेला कोणाला बोलावणार, निबंध कोण छापणार, हे सारे माणसे ठरवितात. आणि माणसांबरोबर पूर्वग्रहही येतात. या उरलेल्या अर्ध्याविषयी आज आम्हाला बोलावयाचे आहे.

कोपरच्या शेजारचे स्टेशन डोंबिवली. त्याचे नाव गणितात गेले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १२१, १२३२१ यांसारख्या संख्या 'डेम्लो संख्या' म्हणून ओळखल्या जातात. त्यांची कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या स्टेशनात सुचली, म्हणून त्यांनी हे नाव दिले. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्याचे. १९३० ते १९६२ ते देवळालीस शाळामास्तर होते.

त्यांचा एक शोध आताच करून पाहा. धम्मदीक्षेचे वर्ष घ्या, १९५६. त्याचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा : ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२. पुन्हा तसेच करा : ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

कापरेकरांना जातीची आडकाठी नव्हती. पण पदव्युत्तर पदवी नाही आणि नोकरी शाळेत, एवढ्यावरून कित्येक विद्वानांनी त्यांचे काम क्षुल्लक ठरवून हसण्यावारी नेले. त्यांनी पुस्तिका स्वतः छापल्या. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते.

नुसत्या पदवीच्या उतरंडीने हे होते, तर जन्माची उतरंड काय करील? १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी सर्वांच्या माठातील पाणी पिण्याला काही सहप्राध्यापकांनी हरकत घेतली. अमेरिकेतून घेतलेली पदवी त्या माठापाशी उपयोगी पडली नाही.

अमेरिकेतही हेच होते. डेव्हिड ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गणितज्ञाने १९४१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळविली. बर्कलेच्या विद्यापीठात त्यांच्या नेमणुकीचा विचार झाला, पण वर्णामुळे तो बारगळला. पुढे १९५५ साली तेच तेथे प्राध्यापक झाले. आपल्याकडे संख्याशास्त्राचे विद्यार्थी 'राव-ब्लॅकवेल प्रमेय' शिकतात. त्यातील राव म्हणजे आपले सी. आर. राव, आणि ब्लॅकवेल हेच. प्रमेयात दोन्ही नावे शेजारी बसली; विद्यापीठात मात्र एकाला बारा-तेरा वर्षे थांबावे लागले. अशी थांबलेली सगळीच माणसे टिकत नाहीत. जी मध्येच परत फिरली, त्यांची प्रमेये आपल्याला कधीच कळणार नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे. वहीत तारीख घालून काम लिहा. कोणी हसले तर चूक कोणत्या ओळीत आहे ते दाखवा, असे नम्रपणे विचारा. चूक दाखविली तर सुधारा. दाखविता आली नाही, तर त्या हसण्याला किंमत देऊ नका.

वडीलधाऱ्यांनीही आपल्या घरात पाहावे. मुलगी गणित घेते म्हटल्यावर "तुला कशाला ते?" असे म्हणणे हाही पूर्वग्रहच आहे. तो बाहेरच्या कोणी आणलेला नाही. आणि आपल्यातले जे प्राध्यापक, अधिकारी झाले आहेत, त्यांनी शिफारस मागायला आलेल्या मुलाचे आडनाव, गाव, बापाची नोकरी विचारण्याआधी त्याची वही उघडावी.

 जयभीम!