खनिज निधी: महिला सभेत काय मागायचं?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



आज कर्जफेडीचं नाही, दुसऱ्या एका पैशाचं बोलायचं आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. वीज लांबवर जाते. आपल्याकडे उरते ती वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी धूळ, ब्लास्टिंगने भिंतीला गेलेल्या भेगा, आटलेली विहीर. हे मी तुम्हाला काय सांगणार!

2015 मध्ये खाण कायदा बदलला आणि खाणी असलेल्या जिल्ह्यांत 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' आलं. हिशेब आपल्या बचतीच्या वहीसारखाच आहे. खाण चालवणारा सरकारला रॉयल्टी भरतो. जुन्या खाणीने 100 रुपये रॉयल्टी भरली, तर वर 30 रुपये या प्रतिष्ठानात टाकायचे. कायदा बदलल्यावर लिलावाने दिलेल्या खाणीने 10 रुपये.

बऱ्याच जणी याला सीएसआर समजतात. तसं नाही. सीएसआरचा पैसा कुठे द्यायचा ते कंपनी ठरवते, तिथे विनंती करावी लागते. हा निधी खाणीची झळ बसलेल्या माणसांसाठीच कायद्याने काढलाय. इथे हात जोडायचे नाहीत, मागणी नोंदवायची.

खर्चाचेही नियम आहेत. आधी निदान 60 टक्के, आणि 2024 च्या सुधारित सूचनांप्रमाणे निदान 70 टक्के पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण रोखणं, महिला-बालकल्याण, कौशल्य प्रशिक्षण अशा कामांवर गेला पाहिजे. रस्ते-पूल उरलेल्यातून. रस्ता नको असं मी म्हणत नाही. पण रस्ता मागणारे ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसतात, आणि पाण्याची गुंडी उचलणारी घरी असते. एका गावात मी विचारलं, तर पुरुष मंडळी म्हणाली, सभामंडप. बायांसोबत वेगळी बसले तर पहिली गोष्ट निघाली खोकल्याची. छातीचा फोटो काढायला अख्खा दिवस अन् एक रोजी जाते. सभामंडपाचं नावही कोणी घेतलं नाही.

म्हणून ग्रामसभेच्या आधी होणारी महिला सभा सोडू नका. ती घ्यावीच लागते, कायद्यात आहे. "आमच्याकडे होतच नाही" असं म्हणाल, तर ग्रामसंघाने ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. ठरावात "विकासकामे करावीत" असं मोघम लिहू नका. किती घरांना पाणी विकत घ्यावं लागतं, किती जणांना दम्याचा त्रास आहे, खाण गावापासून किती लांब आहे, हे आकड्यांत लिहा. वस्तीत फिरून हे मोजायला दोन दुपारी पुरतात.

ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात चढला का ते वाचून घ्या, नक्कल मागा. मग ती जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत द्यायची. पुढे काही कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या ताईला तीही नाही. आपल्या गावावर आजवर किती खर्च झाला, कोणत्या कामावर, एवढंच विचारा.

ठरावाचा कच्चा नमुना मी सगळ्या सीआरपी ताईंकडे दिलाय. पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघाने आपले आकडे घेऊन या, पाण्याचे आधी.