सुतारांच्या हातचें विमान

विमान स्वस्तांत बांधावयाचें, तर तें बांधणार कोण आणि मोडल्यास दुरुस्त करणार कोण, हा विचार आराखडा काढतांनाच व्हावा लागतो. इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचें ‘मॉस्किटो’ विमान या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. नांव डांसाचें, पण २५ नोव्हेंबर १९४० रोजीं प्रथम उडालेलें हें दोन एंजिनांचें विमान त्या काळच्या अत्यंत वेगवान विमानांत गणलें जाई.

युद्धांत धातूला आणि धातुकामाच्या कारागिरांना सर्वत्र मागणी. खुर्च्या-कपाटें करणारे सुतार मात्र हातीं होते. म्हणून लाकूड निवडण्यांत आलें. हाय विकमसारख्या फर्निचरच्या गांवीं या विमानाचे भाग होऊं लागले.

विमानाच्या धडाचें कवच तीन थरांचें होतें: बर्चच्या प्लायवुडचे दोन पातळ पापुद्रे व मध्यें हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा. एकटा पापुद्रा दाबाखालीं चटकन् दुमडतो. तेच दोन पापुद्रे गाभ्यानें अंतरावर धरले, कीं वजन फारसें न वाढतां विलक्षण ताठपणा येतो. आजच्या कांचतंतूंच्या व कार्बनतंतूंच्या विमानांतही पुष्कळ ठिकाणीं हेंच तत्त्व आढळतें. धडाचे दोन अर्धे भाग, शेंगेच्या फोलांप्रमाणें, साच्यांवर वेगळे घडवीत आणि उघड्या पोटांत तारा व नळ्या बसवून मग जोडीत. बंद धडांत अंग चोरून काम करण्याचा खटाटोप त्यामुळें बराच वांचला. अशीं एकूण ७,७८१ विमानें झालीं.

दुरुस्तीही सुताराच्या आटोक्यांतली होती. कवच फुटलें, तर फुटका भाग उतरत्या कडेनें कापावा, बाल्साचा तुकडा बसवावा आणि प्लायवुडचें ठिगळ सरसानें चिकटवावें. कड उतरती ठेवली, कीं चिकटण्यास जागा अधिक मिळते व ओढ एकाच रेषेवर पडत नाहीं.

अर्थात् सारी भिस्त सांध्यांवर. आरंभीं दुधापासून केलेला केसीनचा सरस वापरीत. ओल लागतांच तो दुबळा होई. पुढें कृत्रिम रासायनिक सरस आला. तथापि १९४४ सालीं हिंदुस्थानांत कांहीं मॉस्किटो भरारींतच मोडलीं आणि आंतील माणसें प्राणांस मुकलीं. नोव्हेंबरांत उड्डाणें थांबवून तपासणी झाली. कोणीं दोष पावसाळी हवेला दिला, कोणीं कारखान्यांतील ढिलाईला. खरें पाहतां दोहोंचा मेळ सहज बसतो; सांध्यांत फट राहिली, तर ओल तेथें शिरणारच. उपाय योजला तोही सुतारकीचाच: मुख्य तुळईवरील सांधा पंखाच्या लांबीभर प्लायवुडच्या पट्टीनें झांकण्यांत आला.