धातू थकतो



कुंपणाची तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच इकडून तिकडे दहा-वीस वेळा वाकवली की कटकन् तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. तोंडात बसवलेला धातूही असाच थकतो.

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमची मळसूत्री खुंटी बसवतात. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली असा पहिला रोगी हाताळला. खुंटीवर एक जोड, तो आवळणारा बारीक स्क्रू आणि वर दाताची टोपी, अशी ही रचना असते. आपल्या दाताभोवती मऊ तंतूंची गादी असते. खडा लागला की ती लगेच सावध करते. खुंटीला ती गादी नाही. म्हणून घासाचा मार थेट धातूवर येतो.

मग हे टिकणार किती? असाच प्रश्न पूर्वी आगगाडीच्या आसांबद्दल पडला होता. जर्मनीच्या वोलर यांनी आस पुन्हापुन्हा वाकवून फेरे मोजले आणि १८७० साली निष्कर्ष मांडले : भार कमी, तर फेरे जास्त. आज खुंटीची परीक्षाही तशीच होते. तिला ३० अंश तिरकी धरून, हाड झिजले असे मानून ३ मिलिमीटर उघडी ठेवतात आणि ५० लाख वेळा दाबतात. सेकंदाला १५ दाब दिले, तर चार दिवसांत परीक्षा पुरी!

पण आपल्या तोंडात? दिवसाला ५०० जोरकस चावे धरले, तर ५० लाखांना सुमारे २७ वर्षे लागतील. १५०० धरले तर अवघी नऊ. शिवाय सगळे तुकडे सारखे टिकत नाहीत. शिक्षकबंधूंनी एकाच तारेचे दहा तुकडे मुलांना वाकवायला द्यावेत; मोजलेले आकडे क्वचितच जुळतील. म्हणजे हे भाकीत शंभरांविषयी सांगता येते, एकट्या आपल्याविषयी नव्हे.

एक खूण मात्र प्रत्येकाला कळण्यासारखी आहे. स्क्रू ढिला झाला की टोपी हलू लागते, आणि ढिला स्क्रू दर घासाला वाकतो, तारेसारखाच. तेव्हा 'दुखत नाही ना, मग चालू द्या' असे म्हणू नका. वेळीच तो पुन्हा आवळता किंवा बदलता येतो; हाडात रुतलेल्या खुंटीत तुटला, तर काढणे जिकिरीचे. टोपी हलली, की त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा. आणि सुपारी फोडायला अडकित्ता आहेच की!