अपघातानंतरची सहा वर्षे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)





केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा वर्तमानपत्रांत ठळक छापला जातो. त्याच अहवालातील दुसऱ्या आकड्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या वर्षी 4 लाख 43 हजार 366 माणसे जखमी होऊन जगली. रुग्णालयातून घरी आलेल्या या माणसांचे पुढे काय होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

राजस्थानात प्रशासकीय सेवेत असलेले तरुण अधिकारी देवेंद्र राज मेहता 1969 मध्ये मोटार अपघातात सापडले. पायाची दुखापत इतकी गंभीर होती की पाय वाचेल की कापावा लागेल याचीच शंका होती. पाय वाचला, पण त्यासाठी कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहावे लागले. पुढे 1975 मध्ये, भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या काळात, त्यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. नंतर ते रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर आणि 1995 ते 2002 या काळात सेबीचे अध्यक्ष झाले. ही कथा जैन समाजात अनेकदा सांगितली जाते, आणि सांगताना बहुधा एक वाक्य जोडले जाते, ‘तो अपघात झाला म्हणूनच एवढे मोठे कार्य उभे राहिले.’ हे वाक्य बोलणाऱ्यास सोपे आहे. 1969 आणि 1975 यांच्यामध्ये सहा वर्षे गेली, हे त्यात हरवते.

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब व बळकट हाड. ते मोडले की पूर्वी वजन टांगून रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवावे लागे. आता हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालून त्याला काही दिवसांतच आधाराने उभे करता येते. त्यामुळे घरच्यांची समजूत होते की, आता सारे ठीक झाले. वस्तुतः हाड पक्के जुळण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतातच. तोपर्यंत मांडीचे स्नायू सुकलेले असतात, गुडघा आखडलेला असतो. व्यायामाने तो हळूहळू मोकळा होतो, आणि त्या प्रत्येक वेळी वेदना होते. वॉकर, कुबडी, काठी असा तो प्रवास आहे. कधी चार पावले पुढे, तर कधी सूज आल्याने दोन पावले मागे. काठी सुटण्याची तारीख विचारून रुग्णाला भंडावू नये.

याच काळात भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते. आपुलकीने येणारी ही मंडळी उशाशी बसून सहज म्हणून जातात, ‘मागील कर्मांचे भोग, दुसरे काय!’ येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. असातावेदनीय कर्माचा विचार हा ज्याने त्याने स्वतःच्या समभावासाठी करावयाचा विचार आहे. दुसऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून तो उच्चारला की त्याचा निवाडा होतो. ज्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्याला आपण दोषीही ठरलो असे वाटू लागते. त्यापेक्षा त्याच्या मुलांना शाळेतून आणणे किंवा रात्रंदिवस जागणाऱ्या त्याच्या पत्नीला चार तास झोपू देणे, यात अधिक वैयावृत्त्य आहे.

हाडाची जुळणी एक्स-रेमध्ये दिसते. मनाची दिसत नाही. ब्रेकचा कर्कश आवाज ऐकताच छातीत धडधडणे, झोपेत तोच क्षण पुन्हा दिसणे, त्या रस्त्याने जाण्याचे टाळणे, क्षुल्लक कारणाने चिडणे, हे सारे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक असते व पुष्कळांच्या बाबतीत आपोआप ओसरते. महिना उलटूनही ते टिकून राहिले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात लाज नाही. अनुभवी तज्ज्ञ त्या घटनेविषयी रुग्णास क्रमाक्रमाने बोलते करतात. वाहनाची भीतीही अशीच पायरीपायरीने घालवतात. प्रथम थांबलेल्या गाडीत नुसते बसणे, मग गल्लीतून एक फेरी, मग गावाबाहेरचा रस्ता. ‘घाबरतोस काय’ म्हणून एकदम महामार्गावर नेणे हे मोडलेल्या पायावर धावायला लावण्यासारखे आहे.

सर्वांत अवघड अवस्था असते ती गाडी चालविणाऱ्याची, विशेषतः सोबतचा कोणी दगावला असेल तर. मुंगीही पायाखाली येऊ नये अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला ‘माझ्या हातून हिंसा झाली’ हा विचार आतून पोखरतो. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे, हे येथे स्मरावे. त्याने स्वतःस प्रामाणिकपणे विचारावे: वेग अधिक होता काय? डोळ्यांवर झोप होती काय? हाती मोबाईल होता काय? उत्तर होकारार्थी असेल तर गुरूंसमोर आलोचना, पीडित कुटुंबाची क्षमायाचना आणि कायद्याने येणारी जबाबदारी, यांपैकी काहीच टाळू नये. नकारार्थी असेल तर घडलेल्या घटनेचे दुःख जरूर राहील, पण न केलेल्या अपराधाचे ओझे उचलण्याचे कारण नाही. ही छाननी एकट्याने करणे कठीण असते. जवळचे कोणी शांतपणे ऐकणारे हवे.

व्रतनियमांचा प्रश्नही घरोघर येतो. हाड भरून येण्यास पुरेसा आहार लागतो आणि औषधांच्या वेळा चुकवून चालत नाही. पच्चक्खाणाच्या सूत्रांत समाधी टिकविण्यासाठी आगार ठेवलेले आहेत, ते अशाच प्रसंगांसाठी. महाराजसाहेबांना विचारून, डॉक्टरांचे ऐकून निर्णय घ्यावा. प्रतिक्रमण खुर्चीवर बसून केल्यास कोणी भुवया उंचावू नयेत.

ज्यांचा पाय वाचत नाही त्यांची वाट आणखी लांबची. मुंबईच्या सुधा चंद्रन या नृत्यांगनेला 1981 मध्ये तामिळनाडूतील बस अपघातानंतर उजवा पाय गमवावा लागला. जयपूर फूट बसवून 1984 मध्ये तिने मुंबईत पुन्हा रंगमंचावर नृत्य केले. पुढे ‘मयूरी’ चित्रपटात स्वतःचीच भूमिका तिने केली. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. प्रत्यक्षात मध्ये सुमारे तीन वर्षे गेली.

हा कृत्रिम पाय कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून जयपूरमध्ये घडला. डॉ. सेठी यांना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी बनावटीच्या पायाला बूट लागे, आणि बूट घालून ना शेतात चिखल तुडवता येई, ना मांडी घालून जेवता येई, ना देरासरात जाता येई. रबरी तळव्याच्या या पायाने अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते. चार माणसांच्या पंगतीत बसता येणे, हा बरे होण्याचाच भाग आहे, हे त्या दोघांना समजले होते.

मेहतांच्या समितीने हा पाय गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविला. कृत्रिम पाय, कॅलिपर व इतर साधने मिळून लाभार्थींची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली आहे. संस्थेचा एक नियम, रुग्णालयात अनेक महिने काढलेल्या माणसालाच सुचेल असा आहे. रुग्ण कोणत्याही वेळी आला तरी त्याला दाखल करून घेतात. त्याच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था तेथेच होते, आणि शक्यतो पाय बसवूनच त्याला परत पाठवितात. तेथील काही कारागीर स्वतः असाच पाय लावून काम करतात. दूरच्या खेड्यातून कुबड्या टेकत आलेला माणूस माप देताना प्रथम त्यांच्या चालण्याकडे पाहतो आणि मग विचारतो, ‘तुम्हाला किती दिवस लागले?’