शनिवारची वाट न पाहता
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला लंडनमधील वास्तव्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली आहे. मी काही मोठा प्रवासी नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि मुलांना भूगोल शिकविण्यात गेलेले आयुष्य, एवढीच माझी शिदोरी. तथापि गेल्या हिवाळ्यात नातवाच्या निमित्ताने आम्ही उभयतांनी लंडनच्या हॅरो उपनगरात मुलीच्या घरी जवळजवळ सहा महिने काढले. आपल्यातील पुष्कळ घरांची मुले आता परदेशी आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना कधी ना कधी तिकडे जावे लागते, म्हणून हा विषय केवळ माझ्या घरचा राहिलेला नाही.

प्रवासी कंपनीबरोबर जाणारा मनुष्य चार दिवसांत वीस स्थळे पाहतो. तेथील कायमचा रहिवासी नोकरीच्या रगाड्यात एकही पाहत नाही. या दोहोंच्या मधला जो सहा महिन्यांच्या परवान्यावर गेलेला पाहुणा, त्याच्यापाशी वेळ असतो, पोटाची चिंता नसते, आणि तरीही बहुधा तोच सर्वांत कमी पाहतो. सोमवारपासून खिडकीशी बसून शनिवारची वाट पाहावयाची. शनिवारी मुलांना बाजार, धुणे आणि आठवड्याची साठलेली कामे. मग तेही राहून जाते. हळूहळू आईवडिलांना वाटू लागते की आपण या घरात ठेवलेले सामान आहोत. मुलांना वाटते, इतके करूनही यांचे समाधान नाही. आणि शब्दाला शब्द लागतो. तिसऱ्याच महिन्यात तिकीट बदलून परत आलेली माणसे आपल्यातही आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

आमच्या मुलीनेही पहिल्या आठवड्यात हेच सांगितले, “बाबा, एकटे जाऊ नका, शनिवारी आपण मिळून जाऊ.” तिची काळजी खोटी नव्हती. परंतु मी तिला म्हटले, “बाई, मला बसचा क्रमांक तेवढा सांग.”

बसपासून आरंभ करावा असेच माझे मत आहे. लंडनच्या बसमध्ये २०१४ सालापासून रोख पैसे घेत नाहीत. बँकेचे कार्ड अथवा ‘ऑयस्टर’ नावाचे कार्ड यंत्रास टेकवावे लागते, आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते. भाडे अंतरावर नाही. शिवाय पहिल्या बसमध्ये चढल्यापासून एका तासाच्या आत दुसरी किंवा तिसरी बस धरली, तर पुन्हा पैसे पडत नाहीत. म्हणजे भलत्या बसमध्ये बसलो तरी खिशाला तोशीस नाही. साठीपुढील लोकांना मिळणारी प्रवासाची सवलत मात्र तेथील रहिवाशांपुरती आहे, आपल्याला ती लागू नाही. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळवावी. तेथून दुकानांच्या माथ्यावरील जुनी कोरीव कामे आणि लोकांच्या परसबागा दिसतात. त्या खालून दिसत नाहीत.

आमच्या सौभाग्यवतींचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण बसमध्ये पुढील थांब्याचे नाव मोठ्याने पुकारले जाते आणि अक्षरांतही झळकते. त्यांनी थांबे मोजून पाठ केले. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर गुजराती मंडळींची दुकाने आहेत. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी त्या एकट्या तेथे गेल्या आणि अळूची पाने घेऊन आल्या. मुलगी प्रथम रागावली. पुढे तीच कामावर जाताना विचारू लागली, “आई, आज तिकडे जाणार असशील तर मेथी आणशील का?” त्या दिवसापासून घरातील हवा पालटली, हे मी मुद्दाम नमूद करतो.

भुयारी रेल्वेविषयी थोडक्यात सांगतो. जगातील पहिली अशी रेल्वे १८६३ च्या जानेवारीत तेथेच पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनावर. तिचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या आरेखकाने केला व तो १९३३ साली लोकांच्या हाती आला. भूगोलाच्या शिक्षकास तो नकाशाच वाटणार नाही; त्यात अंतरांचे प्रमाण पाळलेले नाही. कोव्हेंट गार्डन व लेस्टर स्क्वेअर ही स्थानके इतकी जवळ आहेत की, जिने चढण्या-उतरण्यापेक्षा वरून चालत गेलेले बरे. म्हणून रस्त्यांचा वेगळा नकाशा खिशात असावा.

आता मला जे सर्वांत मोलाचे वाटले ते सांगतो. त्या शहरात थोरांच्या राहत्या घरांवर नावाची वाटोळी पाटी लावण्याची प्रथा १८६६ पासून आहे. मेडा व्हेल भागात हॉली प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांची पाटी आहे; चिरोल खटल्यासाठी गेले असता १९१८-१९ साली ते तेथे राहिले. हायगेटमध्ये क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवरील ६५ क्रमांकाचे घर म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली उघडलेले इंडिया हाऊस. सावरकर तेथे राहत. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. फिन्सबरीत एका लहानशा रस्त्याला दादाभाई नौरोजींचे नाव आहे, कारण १८९२ साली तेथील मतदारांनी त्यांना पार्लमेंटात पाठविले. दादाभाई तेथे पुष्कळ वर्षे राहिले. बाकीचे तिघे आपल्यासारखेच थोड्या काळाचे रहिवासी. कोणी खटल्यासाठी, कोणी अभ्यासासाठी आलेला.

बाबासाहेब ब्रिटिश म्युझियममधील ग्रंथालयात दिवसचे दिवस वाचीत बसत, हे आपण वाचलेले असते. मी किंग हेन्रीज रोडपासून म्युझियमपर्यंतचे अंतर चालून पाहिले. माझ्या चालीने तासाहून थोडे अधिक लागले, आणि वाटेत दोनदा बाकावर टेकलो. पुस्तकात एका ओळीत संपणारी गोष्ट पायांना कळली की निराळीच होते. ते ग्रंथालय आता सेंट पँक्रसला गेले आहे. म्युझियम मात्र सर्वांस विनामूल्य खुले आहे. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव चुनखडकाचे दगड तेथे आहेत. ते पाहून अभिमान वाटावा की विषाद, हे मला तीन फेऱ्यांनंतरही ठरविता आले नाही.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. डिसेंबरात चारच्या आतच सूर्यास्त होतो. म्हणून साडेनऊला निघावे आणि तीनला परतीची बस धरावी. सार्वजनिक वाचनालये व संग्रहालये येथे ऊब, बाक आणि स्वच्छतागृह तिन्ही मिळतात. आपल्या वयात या तिहींचे महत्त्व मी निराळे सांगावयास नको. मुलीचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, कारण मोबाइल थंडीत दगा देतो. आणि आरोग्यविमा काढल्यावाचून विमानात पाऊल ठेवू नये. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर तेथील खर्च पाहुण्याला स्वतःच सोसावा लागतो.

ग्रीनिचला मी शेवटच्या महिन्यात गेलो. शून्य रेखावृत्त मी वर्षानुवर्षे फळ्यावर खडूने काढले. १८८४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते ठरविले, असेही सांगत आलो. तेथे ती रेघ जमिनीत बसविलेली आहे. एक पाय पूर्व गोलार्धात आणि दुसरा पश्चिम गोलार्धात ठेवून मीही उभा राहिलो. गंमत अशी की, उपग्रहांवरून धरले जाणारे आजचे शून्य त्या रेघेच्या सुमारे शंभर मीटर पूर्वेस पडते. दुपारचे बारा वाजले होते. मी गावी धाकट्या भावाला फोन लावला आणि विचारले, “तुझ्या घड्याळात किती?” तो म्हणाला, “साडेपाच.” साडेब्याऐंशी अंशांचा हिशेब जुळला.

मी वापरलेला, हाताने काढलेला बसमार्गांचा नकाशा व पाट्यांच्या पत्त्यांची यादी मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. येत्या मे महिन्यात आपल्यातील दोन कुटुंबे लंडनला निघाली आहेत, असे कळते. त्यांनी ती अवश्य न्यावी. तेव्हा संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, म्हणजे माझ्याहून पुष्कळ अधिक हिंडता येईल. परत आल्यावर यादीत आपली भर घालून ती कार्यालयात आणून द्यावी.