पाण्याचा नेम

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात घाटकोपर येथे एका ज्येष्ठ टाळकऱ्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मी काही कीर्तनकार नाही. मला टाळ धरता येतो, एवढंच. पण मंडळी म्हणाली, तुम्ही जन्मभर पाण्याचं काम केलं, पाण्यावरच बोला. म्हणून उभा राहिलो.

नव्या पोरांना माहीत नसेल, मी पालिकेत चावीवाला होतो. रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब लोखंडी चावी खाली व्हॉल्व्हला लावायची आणि आटे मोजून फिरवायचे. या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू. एकतीस वर्षं हेच केलं. असल्फ्याच्या डोंगरावर पाणी चढायला उशीर झाला की बायका हंडे मांडून बसायच्या. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. तो फुसफुस आवाज आला की त्यांचे चेहरे कसे उजळायचे, ते मी रोज बघितलंय.

गाव माझं माण तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायला जायचे. तेव्हा पाण्याची किंमत मला कुणी शिकवायला नको होती. तरी माझ्या हातून चूक झाली, तीच आज सांगणार आहे.

२०१९ ची वारी. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. सरकारनं १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते. माऊलींच्या पालखीसोबत फलटण सोडून आपण पुढे गेलो आणि वस्तीवरच्या एका घरी उतरलो. त्या घरी टँकरचं पाणी चार दिवसांआड यायचं. घरच्या आजीनं आपल्यासाठी एक पिंप भरून, वर स्वच्छ फडकं बांधून ठेवलं होतं. वारकरी येणार म्हणून ते पाणी तिनं घरात वापरलंच नव्हतं. मी हातपाय धुतले, पाणी प्यालो आणि हरिपाठाची घाई म्हणून तसाच निघालो. तोटी नीट बंद झाली नव्हती. परत येतो तर पिंप अर्ध्यावर, अंगणात चिखल आणि आजी वाकून खालचं पाणी तांब्यानं बादलीत भरतेय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी म्हणाली, "असू द्या माऊली, सांडलं ते वारकऱ्याच्या पायाशीच सांडलं नव्हं?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. अख्ख्या डोंगराच्या पाण्याची चावी ज्याच्या हातात होती, त्याला एका पिंपाची तोटी बंद करता आली नाही.

नाथ महाराजांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. काशीहून कावडीतून आणलेलं गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायचं होतं. वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातलं. कीर्तनात आपण डोळे पुसतो. पण त्या दिवशी मला दुसरी बाजू कळली. कावड आजीनं वाहून आणली होती आणि मी ती वाटेतच सांडली होती.

परत आल्यावर मला घरचा नळ वेगळा दिसायला लागला. माऊली, आपल्या नळाला येणारं पाणीसुद्धा कुणाची तरी कावडच आहे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. हे दोन आपल्याच उपनगरात आहेत, पण त्यांचं पाणी आता चिमूटभर. बाकी सगळं बाहेरून येतं. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा ठाणे-पालघरच्या डोंगरात, आणि अप्पर वैतरणा तर पार इगतपुरीकडे. रोज जवळपास ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईत येतं. मुलुंड-भांडुपकडून येणाऱ्या त्या मोठ्या पाइपलाइन आपण रोज बघतो. आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. हे दरवर्षी पेपरात येतं. धरण उशाला आणि हंडा डोक्यावर! त्यांच्या उशाचं पाणी पाइपातून आपल्या मोरीत येतं.

आता ऐका हिशोब. सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. म्हणजे जेमतेम एक वर्षाचं पाणी. पुढच्या वर्षासाठी शिल्लक काही नाही. पाऊस पंधरा दिवस लांबला की शहराच्या तोंडचं पाणी पळतं. २०२३ ला आषाढी झाली आणि १ जुलैपासून मुंबईत १० टक्के कपात लागली. २०२४ ला माऊलींचं प्रस्थान झालं तेव्हाही १० टक्के कपात चालूच होती.

जाणकार सांगतात की हवा तापली की तलावाचं पाणी जास्त उडून जातं. तापलेली हवा वाफही जास्त धरून ठेवते आणि मग एकदम ओतते. पाऊस चार दिवसांत धो-धो आणि मध्ये महिना कोरडा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. उलट २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. आपण कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो आणि प्यायला घोटभर नव्हतं. पडलेला पाऊस वेगळा, हाताशी राहिलेलं पाणी वेगळं.

मग आपण करायचं काय? गळ्यात माळ घातली की आपण नेम पाळतो. तसाच शंभराव्या वर्षी पाण्याचा नेम घेऊ.

पहिली गोष्ट शिळ्या पाण्याची. चावीवाला म्हणून मी हे रोज बघितलं. सकाळी नळ आला की कालचं भरलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओततात आणि पुन्हा तेवढंच भरतात. कपात लागली की लोक घाबरून जास्त भरतात आणि दुसऱ्या दिवशी जास्त ओततात! बायांनो, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. डासांसाठी पिंप आठवड्यातून एकदा कोरडं करून घासा, पण ते पाणी लादीला, संडासाला वापरा. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणीही तसंच.

दुसरी गळक्या नळाची. मी एकदा रात्रभर गळत्या नळाखाली बादली ठेवली. सकाळी जवळपास अर्धी भरली होती. वायसर बदलायला किती पैसे लागतात?

तिसरी छपराची. माझ्या माणात वर्षाला पाचशे मिलिमीटरही पाऊस धड होत नाही. इथे उपनगरात दोन हजारांच्या वर होतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला दोन लाख लिटर पाणी पडतं आणि गटारात जातं. मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना २००२ पासून ते मुरवणं सक्तीचं आहे. ज्यांची सोसायटी आहे त्यांनी मीटिंगमध्ये विचारा, आपली टाकी, आपला खड्डा चालू आहे का? गाळ कधी काढला? जुनी विहीर असेल तर कचरा टाकून बुजवू नका. तिचं पाणी गाड्या धुवायला, बागेला पुरतं.

चौथी दिंडीची. प्रत्येकानं स्वतःचा तांब्या न्यायचा, बाटल्यांचा कचरा करायचा नाही. मुक्कामाला अंघोळ एका बादलीत. आणि पिंपाशी एक माणूस कायम उभा राहील. ती सेवा माझी. पाय चालतात तोवर मी करीन, पुढे कुणी तरुणानं घ्यावी.

आषाढीला आपण स्नान करतो ती चंद्रभागासुद्धा कित्येक वर्षी उजनीतून पाणी सोडल्यावरच वाहते. त्या पाण्यावरही कुणाचं तरी शेत, कुणाचा तरी हंडा अवलंबून असतो. डुबकी मारताना एवढी आठवण ठेवा.

त्या आजी २०२२ च्या वारीला गेलो तेव्हा नव्हत्या. त्यांच्या सूनबाईंनी तसंच फडकं बांधलेलं पिंप ठेवलं होतं. मी पाणी प्यालो, तोटी बंद केली आणि पुन्हा एकदा हात लावून बघितली. तेवढाच माझा नेम आहे. तुम्हीही आज घरी गेल्यावर नळाला एकदा हात लावून बघा.